तासापुरता सेन्सेइ

जपान म्हटलं की आपल्या हॉस्टेलवर तीन गोष्टी निघतात. अ‍ॅनिमे, बुलेट ट्रेन आणि ‘तिथली पोरं शाळेत स्वतः झाडू मारतात’. पहिल्या दोन गोष्टींवर माझ्यापेक्षा जास्त अधिकाराने बोलणारी मंडळी तिसऱ्या मजल्यावर राहतात. तिसरी गोष्ट मात्र मी तीन वर्षं रोज बघितली आहे. नुसती बघितली नाही, फडकं हातात घेऊन केली आहे. म्हणून संपादक मंडळाने ‘सर, जपानवर काहीतरी लिहा ना’ म्हटल्यावर लगेच हो म्हणालो. पण ‘ते किती शिस्तीचे आणि आपण किती बेशिस्त’ हे मी लिहिणार नाही. तसले फॉरवर्ड तुम्हाला घरच्या ग्रुपवर रोज सकाळी फुलांसकट येतातच! मला विचारायचंय ते वेगळंच. शाळेत किंवा कॉलेजात शिक्षक नक्की कोणाला म्हणायचं? जो तास घेतो त्याला, की संस्था ज्याच्यावर काहीतरी सोपवते त्याला?

थोडी ओळख द्यावी लागेल. मी याच कॉलेजचा, मेकॅनिकलचा. शिकत असतानाच शनिवार-रविवारच्या क्लासला जाऊन जपानी भाषा शिकलो. कुठल्याही विषयातली पदवी आणि चांगलं इंग्रजी एवढ्या भांडवलावर पुढे गिफू प्रांतातल्या एका छोट्या गावात इंग्रजीचा ‘सहाय्यक भाषा-शिक्षक’ म्हणून लागलो. तिथे या पदाला सगळे ‘एएलटी’ म्हणतात. तीन दिवस माध्यमिक शाळा, दोन दिवस प्राथमिक. आता परत सांताक्रूझला आहे. वाकोल्याहून येतो आणि तुमचे जपानीचे आणि कम्युनिकेशन स्किल्सचे वर्ग तासिका तत्त्वावर घेतो. ही माहिती मुद्द्यासाठी लागणार आहे, म्हणून दिली.

तर आधी दिवस कसा जातो ते बघा.

सकाळी दारातच बूट काढायचे आणि आतले बूट घालायचे. त्यांना ‘उवाबाकी’ म्हणतात. प्रत्येकाच्या नावाचा कप्पा असतो. मग स्टाफरूम. आपल्यासारखं एक लांब टेबल आणि ज्याला जशी जागा मिळेल तसं, असं नाही. प्रत्येकाला स्वतःचं टेबल, सगळी टेबलं समोरासमोर जोडलेली, आणि सगळ्यांवर नजर राहील अशा जागी उपमुख्याध्यापक. सव्वाआठच्या सुमारास सगळे उभे राहतात, नमस्कार होतो, दिवसभराच्या सूचना वाचल्या जातात. कोणता मुलगा आजारी, कोणाच्या घरी काय घडलंय, कोणत्या वर्गात भांडण झालं, हे सगळं त्या दहा मिनिटांत. मग वर्ग. तास सुरू होताना वर्गातलाच एक जण पुकारा करतो: उठा, वाका, बसा. माध्यमिकला पन्नास मिनिटांचा तास, प्राथमिकला पंचेचाळीस.

दुपारचं जेवण हा तर मला तिथला सगळ्यात चांगला तास वाटायचा. शाळेतल्या जेवणाचा कायदा तिथे १९५४ साली झाला. पांढरा अ‍ॅप्रन, टोपी आणि मास्क घातलेली मुलंच बादल्या उचलून आणतात, वाढतात, आणि शिक्षकासकट सगळे वर्गातच बसून एकच जेवण जेवतात. शिक्षक त्याचे पैसे भरतात. मुलांच्या आधी ते जेवण मुख्याध्यापक चाखून बघतात. चव बघण्यासाठी नव्हे, काही बाधलंच तर आधी त्यांना बाधावं म्हणून! आपल्या मेस कमिटीने यावर विचार करावा. मुलांचा आवडता पदार्थ ‘कारे राइसु’, म्हणजे जपानी पद्धतीची करी आणि भात. त्या दिवशी सगळा वर्ग माझ्याकडे वळून बघणार, ‘सेन्सेइ, भारतात रोज करी खातात ना?’ मी सांगायचो, आमच्या घरात करी नावाचा पदार्थ आजपर्यंत शिजलेला नाही, आमटी शिजते. मग ‘आमुती, आमुती’ म्हणून आठवडाभर गोंधळ.

जेवणानंतर साफसफाई. लाउडस्पीकरवर गाणं लागतं, बाकं मागे सरकतात, कोणी झाडतो, कोणी फळा पुसतो, चार जण ओणवे होऊन जमिनीवर फडकं ढकलत शर्यत लावतात. संडासही आले त्यात. शिक्षकही हात लावतात. यात चमत्कार काही नाही. वेळापत्रकात त्यासाठी वीस मिनिटं ठेवलेली आहेत आणि कोणी कुठे जायचं याची यादी भिंतीवर आहे, एवढंच. त्या यादीत माझं नाव होतं. पूर्वेकडचा जिना. पहिल्यांदा ते नाव कटाकानात लिहिलेलं बघितलं तेव्हा झालेला आनंद पहिल्या पगाराच्या दिवशीही झाला नव्हता.

आता त्या आनंदाची दुसरी बाजू. जिन्याच्या यादीत नाव होतं, पण बाकी कुठल्याच यादीत नव्हतं. वर्ग माझा नाही. तो जपानी शिक्षकाचा, मी त्याच्या शेजारी उभा. परीक्षा माझी नाही. पालक-भेटीला मी नाही. सकाळच्या सभेत मी उभा असायचो, पण बोलायची पाळी माझ्यावर कधी येत नसे. सव्वाचारला मी उठायचो आणि रिवाजाप्रमाणे म्हणायचो, ‘ओसाकिनि शित्सुरेइ शिमासु’, म्हणजे तुमच्या आधी निघतोय, माफी असावी. बाकीचे सात-आठपर्यंत तिथेच. कारण माझी नेमणूक शाळेची नव्हतीच. मधे एक कंपनी होती आणि करार एका वर्षाचा. तशा कामाच्या ठेक्याचा एक गमतीदार नियम आहे. माणूस ठेकेदाराचा असल्यामुळे शाळेच्या शिक्षकाने त्याला थेट कामाचा हुकूम द्यायचा नाही. दिला तर तो कायद्याने वेगळ्याच प्रकारचा करार ठरतो. म्हणजे एका वर्गात, एका फळ्यासमोर दोन शिक्षक उभे, आणि एकाने दुसऱ्याला ‘आता हा धडा तू घे’ म्हणायची पंचाईत! रोबोटिक्सवाल्यांनी सांगावं, दोन हातांमध्ये सिग्नलच जाऊ द्यायचा नाही असं ठरवलं तर यंत्र चालेल का?

जपान आधीपासून असं नव्हतं. आपल्या ब्रँचच्या लोकांना माहीत असायला हवी अशी ही गोष्ट आहे. १८७३ साली हेन्री डायर नावाचा पंचविशीतला स्कॉटिश इंजिनिअर टोकियोत उतरला. त्याच्याकडे काय सोपवलं? जपानचं पहिलं मोठं इंजिनिअरिंग कॉलेज, ‘कोबु दाइगाक्को’, तेही प्रिन्सिपल म्हणून. त्याने सहा वर्षांचा अभ्यासक्रम आखला: दोन वर्षं पायाभूत विषय, दोन वर्षं तांत्रिक शिक्षण आणि दोन वर्षं प्रत्यक्ष कामावर. आज आपण ज्या इंटर्नशिपसाठी मेल टाकत बसतो, तिला तिथे अभ्यासक्रमाचा एक तृतीयांश भाग दिलेला होता. त्याच्याबरोबर विल्यम एअर्टन होता. हा जपानला जाण्याआधी हिंदुस्थानातल्या तार खात्यात नोकरीला होता. २५ मार्च १८७८ रोजी त्याच कॉलेजच्या सभागृहात त्याने विद्यार्थ्यांच्या मदतीने आर्क दिवा पेटवला. जपानमध्ये २५ मार्च हा अजून ‘वीज दिन’ मानतात. त्या कॉलेजात शिकलेल्या फुजिओका इचिसुकेने १८९० मध्ये दिव्यांच्या बल्बची कंपनी काढली; पुढे तोशिबा झाली तिच्या मुळांपैकी ती एक. आर्किटेक्चर शिकवायला जोसाया कॉन्डर हा इंग्रज होता. त्याचा विद्यार्थी तात्सुनो किंगो १८८४ मध्ये त्याच्याच खुर्चीवर प्राध्यापक म्हणून बसला. १९१४ साली बांधून झालेलं टोकियो स्टेशन या तात्सुनोचं.

या परदेशी मास्तरांना पगार भरपूर होते आणि मुदतही ठरलेली होती. तेही कंत्राटीच! डायर १८८२ मध्ये परतला. पण त्यांच्याकडे अभ्यासक्रम सोपवला होता, प्रयोगशाळा सोपवली होती, आपल्या जागी बसेल असा विद्यार्थी घडवायचं काम सोपवलं होतं. म्हणून माझं भांडण कंत्राटाशी नाही. कंत्राट नऊ वर्षांचं असो की एक वर्षाचं, त्या वर्षात हातात काय दिलं हा प्रश्न आहे.

शंभर वर्षांनी चित्र उलटं झालं. १९८७ मध्ये जपान सरकारने ‘जेट’ नावाची योजना सुरू केली आणि परदेशी तरुण गावोगावच्या शाळांत इंग्रजीसाठी येऊ लागले. करार एका वर्षाचा, वाढवून वाढवून जास्तीत जास्त पाच वर्षांचा. पुढे कंपन्यांमार्फत माझ्यासारखेही येऊ लागले. २०११ पासून पाचवी-सहावीला परदेशी भाषेचे तास सक्तीचे झाले, २०२० पासून तो रीतसर विषय झाला, त्यामुळे माणसं आणखी लागली. पण पद ‘सहाय्यक’च. आणि कोणी तिथेच जन्मलेला, तिथेच शिकलेला, पण नागरिकत्व परकं असलेला असेल तर? जपानमधल्या कोरियन कुटुंबांच्या मुलांपुढे हाच प्रश्न होता. १९९१ मध्ये शिक्षण खात्याने सरकारी शाळांच्या भरती परीक्षा देशभर परदेशी नागरिकांना खुल्या केल्या. मात्र पास झाल्यावर नेमणूक ‘शिक्षक’ म्हणून नाही, ‘मुदतीची अट नसलेला व्याख्याता’ म्हणून करायची असं ठरवलं. टोकियोसारख्या काही ठिकाणी पूर्ण शिक्षक म्हणून नेमतात. बाकी बऱ्याच ठिकाणी असा माणूस आयुष्यभर शिकवेल, वर्ग सांभाळेल, पण मुख्याध्यापकाच्या वाटेवर पाऊल ठेवू शकणार नाही. काम सगळं तेच, फक्त निर्णयाच्या खोलीचं दार बंद.

ते दार एका मराठी माणसासाठी उघडलं, आणि तो आपल्या लोकल लाइनवरचा आहे, पश्चिम नव्हे मध्य. अंबरनाथला जन्मलेले योगेंद्र पुराणिक. जपानमध्ये आयटी आणि बँकिंगमध्ये नोकरी केली, २०१२ मध्ये तिथलं नागरिकत्व घेतलं, आणि एप्रिल २०१९ मध्ये टोकियोच्या एदोगावा वॉर्डच्या सभेवर निवडून आले. जपानमध्ये निवडणूक जिंकणारे ते पहिले भारतीय वंशाचे. पुढे इबाराकी प्रांताने शिक्षण क्षेत्राबाहेरच्या लोकांमधून मुख्याध्यापक नेमण्यासाठी जाहिरात दिली. त्यातून त्यांची निवड झाली. एप्रिल २०२२ मध्ये ते त्सुचिउरा इथल्या ‘पहिल्या हायस्कूल’मध्ये उपमुख्याध्यापक झाले आणि एप्रिल २०२३ मध्ये मुख्याध्यापक. ही शाळा १८९७ सालची, प्रांतातली नावाजलेली.

आपल्याकडे ही बातमी ‘मराठी माणसाचा जपानमध्ये झेंडा’ अशा थाटात फिरली. अभिमान मलाही वाटला, का वाटू नये? पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त मोठी वाटते. एका जुन्या सरकारी शाळेने बाहेरून आलेल्या, उच्चाराने, नावाने, रंगाने वेगळ्या माणसाच्या हातात किल्ल्या दिल्या. आणि त्यासाठी त्याला आधी पासपोर्ट बदलावा लागला होता, हेही विसरू नये. नागरिक झाला म्हणून दार उघडलं. नसता झाला तर तोच माणूस, तीच हुशारी, कदाचित कुठल्या तरी वर्गात शेजारी उभा राहून ‘रिपीट आफ्टर मी’ म्हणत असता.

एवढं सगळं वाचून तुम्ही म्हणाल, सर, जपानचं जपान बघेल, आपल्याला काय त्याचं?

मित्रांनो, जरा आपल्या विंगमध्ये चक्कर मारा. आपल्या महाराष्ट्रात परदेशी न होताही परका शिक्षक होता येतं. त्याला ‘सीएचबी’ म्हणतात. क्लॉक अवर बेसिस, शुद्ध मराठीत तासिका तत्त्व. जेवढे तास तेवढे पैसे. सत्र संपलं की ओळख संपली, पुढच्या सत्राला पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत. दिवाळीच्या सुट्टीत तास नाहीत म्हणजे पैसे नाहीत. पेपर तपासणं, प्रोजेक्टवाल्या पोरांच्या शंका, रात्री अकराला आलेला ‘सर उद्या व्हायवा आहे, प्लीज’ हा मेसेज, हे तासात बसत नाही, म्हणून मोजलंही जात नाही. सीनियर कॉलेजांत नेट-सेट झालेले, पीएचडी झालेले लोक वर्षानुवर्षं असे राबतात. टाइमटेबलवर त्यांचं नावही नसतं, ‘व्हिजिटिंग’ एवढंच. चाळिशी उलटली तरी माणूस आपला व्हिजिटिंगच! पाहुण्याला निदान आपण चहा तरी विचारतो.

गिफूच्या त्या शाळेत मला टेबल होतं, बुटांचा कप्पा होता आणि जिन्याची पाळी होती. इथे कित्येक तासिका शिक्षकांना यातलं काहीच नसतं. बॅग खांद्यावर, डबा लायब्ररीत, आणि दोन तासांच्या मधला वेळ कॅन्टीनमध्ये. जपानने परक्या माणसाला परकं ठेवलं. आपण तर आपल्याच माणसाला परकं केलं.

यात नुकसान फक्त त्या माणसाचं असतं तर मी लेख लिहिला नसता, युनियनकडे गेलो असतो. नुकसान तुमचं आहे. कोणता मुलगा मागच्या बाकावर हळूहळू गप्प होत चाललाय, हे तासाला येऊन तासाला जाणाऱ्याच्या लक्षात आलं तरी तो सांगणार कोणाला? सकाळच्या त्या दहा मिनिटांच्या सभेत तो नाहीच. सहाव्या सेमिस्टरला शिफारसपत्र हवं असतं तेव्हा तुम्ही शोधत येता, ‘सर कुठे आहेत?’ सर दुसऱ्या कॉलेजात तास शोधत आहेत.

२६ जुलै २००५ ची आठवण इथल्या प्रत्येक घरात आहे. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मिलन सबवे पाण्याखाली, गाड्या बंद, फोन बंद. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. आमच्यासारखी कितीतरी मुलं त्या रात्री मुंबईभर आपापल्या शाळांतच अडकली होती. आमच्याबरोबर ज्या बाई थांबल्या त्या रजेवर गेलेल्या शिक्षिकेच्या जागी काही महिन्यांसाठी आलेल्या होत्या. त्यांनी रात्रभर आम्हाला बाकांवर झोपवलं, ऑफिसमधले ग्लुकोज बिस्किटांचे पुडे मोजून वाटले आणि पहाटे एकेका पालकाची खात्री करून मगच मूल सोडलं. त्या रात्री ‘बाई परमनंट आहेत का?’ असं कोणाच्या आईने विचारलं नाही. जबाबदारी अंगावर आली आणि त्या पूर्ण शिक्षिका झाल्या. पाणी ओसरलं, महिने संपले, आणि त्या गेल्या.

आता कोणी म्हणेल, जबाबदारी-जबाबदारी करत तुम्ही फुकटची कामं वाढवणार. हा आक्षेप खरा आहे आणि त्याचाही पुरावा जपानच देतं. तिथल्या कायम शिक्षकांना ओव्हरटाइम मिळत नाही. १९७१ च्या कायद्याने त्याऐवजी पगाराच्या ४ टक्के ठरावीक रक्कम मिळायची. ती टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत नेणारा बदल व्हायला २०२५ साल उजाडावं लागलं. मी सव्वाचारला निघायचो तेव्हा जे मागे बसलेले असत, त्यांच्या चेहऱ्यावर शाळेच्या आपलेपणाची किंमत दिसायची. क्लब, पालकांचे फोन, अहवाल, सगळं ‘आपलं काम’ म्हणून. म्हणजे एकाला कामातच घेत नाहीत आणि दुसऱ्याला कामातून सोडत नाहीत. दोन्ही चूकच. म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे: सोपवा, आणि जे सोपवाल त्याचे पैसे द्या. पेपर तपासणी, प्रोजेक्ट, मार्गदर्शन हे तासांत धरा. पैसे द्यायला ट्रस्टींची बैठक लागते, सरकारी जीआर लागतो, हे मला कळतं. ती लढाई मोठी आहे आणि ती संघटना लढतायत.

पण काही गोष्टींना जीआर लागत नाही. टाइमटेबलवर ‘व्हिजिटिंग’च्या जागी माणसाचं नाव छापायला काय लागतं? टोनर. स्टाफरूममध्ये एक टेबल आणि एका कपाटाची किल्ली द्यायला काय लागतं? एक टेबल आणि एक किल्ली. डिपार्टमेंट मीटिंगला बोलवा, त्या वेळेचा एक तास लावा, आणि बोलायची पाळी द्या. पोरांनो, तुमच्याकडेही काम आहे. टीचर्स डेला गुलाब देताना यादी ऑफिसातून मागवू नका, कारण त्या यादीत अर्धे लोक नसतात. तुम्हाला प्रत्यक्ष कोण शिकवतं ते आठवा आणि स्वतः यादी करा. वार्षिक अंकातल्या स्टाफच्या फोटोलाही तोच नियम लावा.

आणि हो, हॉस्टेलच्या जिन्याबद्दल. तिथे पाळ्या लावायच्या असतील तर जरूर लावा. पण ‘जपानसारखं स्वच्छ’ व्हायचंय म्हणून लावू नका. जिना आज जे मावशी आणि काका झाडतात तेही ठेकेदारामार्फतच येतात, आणि त्यांचीही नावं आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत आहेत. त्यांचं काम काढून घेऊ नका. आधी नाव विचारा, मग पाळी लावा.

शिक्षक तासाने मोजता येतो, ही समजूत टोकियोतही आहे आणि सांताक्रूझलाही. ती सोयीची आहे, स्वस्त आहे. पण तासापुरता आणलेला माणूस तासापुरतंच शिकवू शकतो. त्याहून जास्त तो शिकवत असेल तर तो त्याचा चांगुलपणा, संस्थेची व्यवस्था नव्हे. आणि चांगुलपणावर इंजिनिअर लोकांनी कशाचंच डिझाइन करू नये, एवढं तरी चार वर्षांत आपण शिकलोच असू.